दोन फ्लॅटमध्ये एकच वायफाय करायला गेलो आणि १४,५०० चा चुना लागला

नाशिकला इंदिरानगरमध्ये एकाच सोसायटीत राहतो, ए विंगला आम्ही आणि समोर सी विंगला आई-अण्णा. मधे पार्किंग, ४० मीटर पण नसेल. अण्णांना यूट्यूबवर कीर्तन आणि रात्री पुण्याच्या ताईला व्हिडिओ कॉल, एवढ्यासाठी दुसरं कनेक्शन कशाला म्हणून आमचंच तिकडे न्यायचं ठरवलं.

मी काही अडाणी नाही, अंबडला मेंटेनन्समध्ये १२ वर्षं झाली. घरातला रिपीटर (वायफाय पुढे ढकलणारा छोटा डबा) आरसीसीच्या भिंतींतून पलीकडच्या बिल्डिंगला पोचत नाही, दोन्ही बाल्कन्यांत समोरासमोर पॉइंट टू पॉइंटचे, म्हणजे फक्त एकमेकांना सिग्नल देणारे डबे लावावे लागतात, हे माहीत होतं. आयडिया बरोबर होती, माणूस चुकला.

ओळखीतून एका वायफाय फिटिंगवाल्याचा नंबर मिळाला. एमजी रोडला दुकान आहे म्हणाला, मी कधी बघितलं नाही (बघायला हवं होतं). जोडी १३,०००, फिटिंग १,५००. ९,००० आधी यूपीआयने घेतले. बिल हवं तर १८ टक्के जीएसटी वर लागेल म्हणाला, म्हणजे २,६१०, मग मीच म्हटलं राहू दे. ते २,६१० वाचवले मी.

आता जे डोक्यातून जात नाही ते सांगतो. फिटिंग झाल्यावर आईच्या हॉलमध्ये त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्पीड टेस्ट दाखवली, ९४ एमबीपीएस, आणि स्क्रीनच्या वर चक्क फाइव्ह जी लिहिलेलं, वायफायचं चिन्हच नाही, खाली प्रोव्हायडर म्हणून सिम कंपनीचं नाव, म्हणजे स्पीड त्याच्या सिमच्या नेटचा, आमच्या वायफायचा नाहीच. मी ते वाचलं हो! पण तेवढ्यात आई पोहे घेऊन आली, तो "काकू, मस्त झालेत" करत बसला आणि मी उरलेले ५,५०० रोख मोजून दिले. टेस्ट नेहमी आपल्या फोनवर, मोबाइल डेटा बंद करून.

रात्री कीर्तन गोल गोल फिरतच राहिलं. चौथ्या दिवशी डबा उघडला तर आत हजार-बाराशेचा भिंतीत लावायचा रिपीटर, लेबल खरवडलेलं, ग्लू गनने चिकटवलेला. लॅन वायर ब्लेडने खरवडली तर आत चंदेरी, म्हणजे ॲल्युमिनियम, तांबं नावाला. त्याचा फोन बंद.

पोलिस ठाण्यात दोन तास बाकावर बसवलं, मग साहेब म्हणाले, "वस्तू दिली ना त्याने? मग फसवणूक कसली, हा तुमचा आपसातला व्यवहार." मी डबा टेबलावर उघडून ठेवला तर म्हणे हे इथून उचला. दुसऱ्या दिवशी गेलो तर ते साहेब सुट्टीवर, तिसऱ्या दिवशी बंदोबस्त. अर्जाची पोच मागितली तर माझ्याकडेच असं बघितलं की चोर मीच. बँकेत म्हणे पिन तुम्हीच टाकला ना. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत आहे, पण वकील मित्राने पहिला प्रश्न काय विचारला? बिल आहे का.

बंद खोकं आपल्यासमोर फोडून डबा काढायला लावा. मॉडेल नंबर आपण स्वतः नेटवर टाका. अर्धे पैसे डबा दोन दिवस वापरून बघितल्यावर मगच द्या.

अण्णांनी मला न विचारता स्वतःच नवीन कनेक्शन घेतलं, महिना ४७१. पक्कं बिल येतं त्याचं.