'दमलेलं कुत्रं गुणी कुत्रं' म्हणत माझे 27,750 घेऊन गेला

कुत्र्याच्या ट्रेनरच्या पॅकेजचे 18,500. ट्रेडमिलचे 6,400. सांध्यांच्या पावडरीचे 2,850. एकूण 27,750. डॉक्टर आणि औषधांचे 11,340 झाले ते वेगळे, पण ते माझ्या कुत्र्यासाठी, खंड्यासाठी गेले, त्यांचं दुःख नाही. आधीचे पैसे मी स्वतःच्या हाताने त्याचे हाल करायला मोजले. हे लिहिताना आजही कानशिलं तापतात.

पद्धत नेहमीचीच. एक दिवस मोफत डेमो, मग तीन महिन्यांचं पॅकेज, आजच भरलं तर सूट, पैसे त्याच्या खासगी खात्यावर आणि पावतीच्या नावाने व्हॉट्सॲपवर "मिळाले". भिंतीवर फ्रेममधलं सर्टिफिकेट. ते कुणी दिलं, हे मी विचारलं नाही.

खंड्या दहा महिन्यांचा लॅब्रेडोर. अंगात वारं भरलेलं. मी सकाळी नऊला बाहेर पडतो, रात्री आठला येतो. घरी आई, तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तो उडी मारायचा तेव्हा ती भिंतीला धरून उभी राहायची. म्हणून ट्रेनर लावला, हौस म्हणून नाही. माझ्या जागी दुसरं कुणी असतं तर त्यानेही हेच केलं असतं.

त्याचं पालुपद एकच, "दमलेलं कुत्रं म्हणजे गुणी कुत्रं." आणि चौथ्या दिवसापासून खंड्या खरोखर गुणी झाला. घरी आला की आडवा. दारावरची बेल वाजली तरी मान उचलेना. आई म्हणाली, "किती शहाणा झाला बघ." मलाही तेच वाटलं. दहा महिन्यांचं पिल्लू बेल वाजल्यावर उठत नाही याला शहाणपण म्हणत नाहीत, हे तेव्हा कुणीतरी माझ्या कानात ओरडून सांगायला हवं होतं.

अकराव्या दिवशी त्याने 14 सेकंदांचा व्हिडिओ पाठवला. तो मी आजवर किती वेळा पाहिला असेल, मोजदाद नाही. खंड्या झाडाखाली उभा आहे, मागचे पाय फाकलेले, जणू ते जुळवले तर पडेल. जीभ नेहमीसारखी लोंबत नाहीये. ती पसरट झालीये, चमच्यासारखी, टोकाला वर वळलेली, रंग गडद लाल. ट्रेनर चेंडू फेकतो. खंड्या चेंडूकडे बघतो आणि जागचा हलत नाही. जो खंड्या झोपेतही चेंडूच्या आवाजाने उठायचा! आणि मी ऑफिसच्या लिफ्टमध्ये उभा राहून उत्तर पाठवलं, "मस्त, चालू द्या." सगळं त्या 14 सेकंदांत होतं. तिथेच थांबायला हवं होतं.

त्यानंतर सकाळी उठताना तो पुढचे पाय ताणून कण्हायला लागला. जिन्याशी येऊन थांबायचा. विचारलं तर ट्रेनर म्हणाला, "स्नायू तयार होतायत, साहेब. आता ट्रेडमिल लावू, सांध्यांची पावडर देऊ." म्हणजे दुखणंही त्याचंच आणि त्यावरचं औषधही त्याचंच. मी दोन्ही विकत घेतलं. मग एका संध्याकाळी पांढऱ्या फरशीवर तांबूस ठिपके दिसले. पंजा उलटा करून पाहिला तर गादीची वरची साल निघून आतलं गुलाबी मांस उघडं पडलेलं. खंड्याने पाय ओढून घेतला नाही. नुसता माझा हात चाटत राहिला.

एकोणिसाव्या दिवशी तो दारातच कोसळला. उलटी झाली, मागचे पाय लटपटत होते. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत ताप 40.7 अंश सेल्सिअस. कुत्र्याचं तापमान साधारण 38 ते 39.2 अंश असतं. 41 च्या वर गेलं की आतले अवयव निकामी होऊ शकतात. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, मुख्यतः धापा टाकून तो उष्णता बाहेर काढतो. ती धापच कमी पडली की संपलं. डॉक्टर म्हणाल्या, मोठ्या जातींच्या पिल्लांची हाडं पूर्ण भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याआधी कडक रस्त्यावर अशी सक्तीची धाव म्हणजे सांध्यांचं वाटोळं. रखवालदाराने मग सांगितलं, "साहेब, तो तर पट्टा स्कूटरला बांधून पळवायचा."

सहा आठवडे फक्त विश्रांती.

पैसे मागितले, त्याने नंबर ब्लॉक केला. चौकीत गेलो. पहिला प्रश्न, "कुत्रं जिवंत आहे ना? मग?" दोन तास बाकावर बसवलं आणि ग्राहक तक्रारीकडे जा म्हणाले. तिथे पक्की पावती मागितली. पैसे पाठवल्याचे तिन्ही पुरावे दाखवले तर म्हणे, हा दोन व्यक्तींमधला खासगी व्यवहार, आणि प्राण्यांचा विषय पशुवैद्यकीय विभागाचा. त्या विभागातला माणूस जागेवर नव्हता, तीनदा नव्हता. चौथ्यांदा भेटला आणि म्हणाला, प्रकार घडताना कळवायला हवं होतं. म्हणजे स्कूटरमागे कुत्रं धावत असताना मी ऑफिसातून यांना फोन करायचा होता! ऑनलाइन तक्रार केली ती नवव्या दिवशी 'निकाली' म्हणून बंद झाली. एक फोन नाही, एक प्रश्न नाही. डॉक्टरांचा लेखी अहवाल जोडला होता, तो कुणी उघडला असेल असं वाटत नाही. बहुतेक ठिकाणी कुत्र्यांचा ट्रेनर म्हणवून घ्यायला कसलाही परवाना लागत नाही. हे मला एकाही कार्यालयात कुणी सांगितलं नाही, मीच शोधून काढलं.

ट्रेनर लावलात तर पहिले काही दिवस न सांगता जाऊन बघा. व्हिडिओत कुत्रा पळताना नका बघू, थांबल्यावर बघा. सावलीत बसल्यावर धाप काही मिनिटांत उतरायला लागली पाहिजे. चालताना मागे पडतोय, सावली दिसली की बसतोय, आवडता खेळ सोडतोय, तर तो आळस नव्हे. हिरडी बोटाने दाबा, पांढरा डाग दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कसा उठतो ते बघा, रात्री कसा झोपला ते सोडा. लघवी गडद तपकिरी दिसली तर वाट बघू नका, स्नायूंची मोडतोड असू शकते, थेट डॉक्टर. कोसळलाच तर सावलीत न्या, अंगावर थंड पाणी ओता, वारा घाला आणि निघा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तर याहून लवकर त्रास होतो. आणि तीन महिन्यांचे पैसे एकदम कुणालाही देऊ नका.

तो माणूस अजून त्याच रस्त्यावर दिसतो. काल दोन पट्टे धरून चालला होता. मागच्या तपकिरी कुत्र्याची जीभ मला लांबूनही दिसली. मी गाडी थांबवून मालकाचा नंबर मागितला, तर म्हणाला, "तुम्हाला काय करायचंय?"

अंगावर पांढरा ठिपका असलेला तपकिरी कुत्रा, गळ्यात लाल पट्टा. तुमचा असेल तर आजच त्याचे पंजे उलटे करून बघा.