एक्सपी, फॉक्सप्रो आणि डॉट मॅट्रिक्सवाल्यांसाठी: पॅरलल पोर्टच्या प्रिंट सर्व्हर डब्याचा रिव्ह्यू

ज्यांच्याकडे सगळं नवीन आहे, वायफाय प्रिंटर वगैरे, त्यांना यातलं काही कामाचं नाही. हा रिव्ह्यू आहे पॅरलल पोर्टवाल्या (जुन्या रुंद प्रिंटर पोर्टवाल्या) प्रिंट सर्व्हरचा, म्हणजे जुन्या प्रिंटरला थेट नेटवर्कवर आणणाऱ्या डब्याचा. तळहातावर मावेल एवढा डबा, एका बाजूला नेटवर्कची केबल लावायची आणि दुसरी बाजू सरळ प्रिंटरच्या मागच्या त्या ३६ पिनच्या रुंद पोर्टात खोचायची, दोन्हीकडच्या तारेच्या क्लिपा दाबल्या की बसला. ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण खाली शिव्या पण आहेत, आणि असल्या डब्यांचं सेटिंग थोड्याफार फरकाने सारखंच असतं.

आमचं तालुक्याच्या गावाला कृषी सेवा केंद्र आहे. बिलिंग अजून फॉक्सप्रोत (हिशोबाचे प्रोग्राम लिहायचं जुनं सॉफ्टवेअर), डॉस म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळातलं, विंडोज एक्सपीवर चालतं. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपलाय हे माहितेय हो, पण ज्याने प्रोग्राम लिहून दिला तो कधीच पुण्याला गेला, आणि सगळी उधारी गावनिहाय त्यात पडलीय, ती सहजासहजी हलत नाही. त्या मशीनला इंटरनेट दिलेलं नाही, फक्त दुकानातल्या नेटवर्कवर आहे. शेजारी विंडोज १० चं मशीन, जीएसटी आणि मेलसाठी. प्रिंटर एकच, एपसनचा एलएक्स-३१०, रिबनवर पिना आपटून छापणारा डॉट मॅट्रिक्स, कारण बिल तीन प्रतीत लागतं, कार्बन लावून, आणि ते काम लेझरच्या बापाला जमत नाही.

आधी प्रिंटर विंडोज १० ला यूएसबीने जोडून शेअर केला होता आणि एक्सपीवाला नेटवर्कवरून प्रिंट पाठवायचा. कागदावर सोपं वाटतं. पण विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनपासून एसएमबी-१ (फायली-प्रिंटर शेअर करायची विंडोजची जुनी पद्धत) नवीन इन्स्टॉलेशनमध्ये येतच नाही, आणि एक्सपीला शेअरिंगसाठी तेच लागतं. ते परत चालू केलं तर चालतं खरं, पण २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच एसएमबी-१ च्या भोकातून, त्यामुळे ते उघडं ठेवून रात्री झोप लागत नाही. शिवाय २०२१ च्या सप्टेंबरमध्ये विंडोजच्या छपाईतली भोकं बुजवायला जे अपडेट आलं त्यानंतर शेअर केलेल्या प्रिंटरवर शेवटी ११बी असलेला एरर दुनियाभर यायला लागला, त्यावर रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या वहीत) जाऊन प्रायव्हसीवाली किल्ली शून्य करायची असा उपाय सगळे सांगत होते, म्हणजे कुलूप काढून दार उघडायचं.

आणि या सगळ्यात छापायच्या बिलांची रांग अडकायची ती वेगळीच. जून महिना, खरिपाचं बी-बियाणं, काउंटरला माणसं उभी, त्यातला एकजण "शेठ, पावती द्या की ओ, एसटी जाईल," म्हणतोय आणि रांगेत एकच बिल 'डिलीटिंग' म्हणून बसलंय, ना डिलीट होतंय ना छापतंय, मागची सगळी तुंबलेली. त्यावर इलाज एकच: सर्व्हिसेसमध्ये जाऊन प्रिंट स्पूलर (विंडोजचा ही रांग सांभाळणारा भाग) बंद करायचा, विंडोजच्या सिस्टीम३२ मधल्या स्पूल फोल्डरात प्रिंटर्स नावाचं फोल्डर असतं ते रिकामं करायचं (एसपीएल आणि एसएचडी एक्स्टेंशनच्या फायली, जोडीने असतात), आणि स्पूलर परत चालू. काउंटरवरच्या पोराला मी याची बॅच फाईल (एका क्लिकमध्ये सगळ्या कमांड चालवणारी) करून डेस्कटॉपवर ठेवून दिली होती, तो डोळे झाकून डबल क्लिक करायचा. पण आजार तिथे नव्हताच. प्रिंटरला काही धाड भरली नव्हती, भांडण दोन विंडोजचं आपसातलं होतं.

डबा आणल्यावर ते भांडण मिटलं, आणि मला तो आवडला तो याच कारणासाठी. आता प्रिंटर कोणाच्याच मालकीचा नाही, त्याला स्वतःचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) आहे, दोन्ही मशीन आपापलं थेट त्याच्याकडे पाठवतात, दोन मशीनमधल्या शेअरिंगची भानगड नको, एसएमबी-१ नको, एकमेकांचे पासवर्ड नकोत.

आता सेटिंग, कारण डब्याबरोबर आलेल्या कागदावर यातलं काहीच नव्हतं. डॉसच्या प्रोग्रामला फक्त एलपीटी१, म्हणजे मशीनचा पहिला पॅरलल पोर्ट, कळतं. मग एक्सपीवर डब्याचा आयपी देऊन स्टँडर्ड टीसीपी आयपी पोर्ट करायचा, त्यावर जेनेरिक टेक्स्ट ओन्ली ड्रायव्हर टाकायचा, तो प्रिंटर त्याच मशीनवर छोट्या नावाने शेअर करायचा आणि नेट यूज कमांडने एलपीटी१ त्या शेअरकडे वळवायचा, पर्सिस्टंट यस लिहून, म्हणजे रिस्टार्टनंतरही टिकतं. स्वतःच्याच घरात स्वतःला पत्र टाकल्यासारखं वाटतं पण चालतं. मशीनला खरा पॅरलल पोर्ट असेल आणि लॉगिन ॲडमिनचं नसेल तर ॲक्सेस डिनाइड येऊ शकतं, तेव्हा बायोसमधून खरा पोर्ट बंद करा किंवा प्रोग्रामला एलपीटी२ द्या.

पोर्टमध्ये डब्याकडे बिल पाठवायच्या दोन पद्धती असतात, एलपीआर आणि रॉ. एलपीआर निवडलं तर रांगेचं नाव मागतो. ते डब्याच्या सेटिंग पानावर जसं असेल अगदी तसंच टाका, लहान-मोठं अक्षरसुद्धा, नाहीतर प्रिंट जाते म्हणतो आणि जात काही नाही. रॉ निवडलं तर फक्त ९१०० हा पोर्ट नंबर, नावाची कटकट नाही, मी तेच ठेवलंय. 'एसएनएमपी स्टेटस' (विंडोजने प्रिंटरला त्याची हालहवाल विचारायची सोय) ची खूण काढून टाका. आमच्या डब्याला त्या भाषेत उत्तर देता येत नाही, आणि उत्तर आलं नाही की प्रिंटर चांगला टुणटुणीत असताना विंडोज त्याला ऑफलाइन ठरवून मोकळा होतो. आणि आयपी फिक्स ठेवा, लाइट गेली-आली की राऊटर दुसराच नंबर वाटतो आणि मग रांगेत नुसतं एरर एरर.

दोन बारीक गोष्टी आहेत ज्यांनी आमचा कागद फार खाल्ला. एक, प्रिंट प्रोसेसरमध्ये डेटा टाइप नुसता 'रॉ' (हा वरच्या पोर्टच्या रॉपेक्षा वेगळा) पाहिजे, तिथे 'एफएफ अपेंडेड' वाला निवडलेला असेल तर प्रत्येक बिलामागे एक कोरा फॉर्म बाहेर येतो. दुसरी, बिल लगेच न येता थोडं थांबून यायचं. एक्सपी डॉसच्या प्रोग्रामकडून अजून काही येतंय का याची १५ सेकंद वाट बघतो आणि मग बिल पुढे सोडतो. रजिस्ट्रीत डब्ल्यूओडब्ल्यू खाली एलपीटी टाइमआउट म्हणून आहे, तिथला आकडा मी ३ केला. फार कमी केला तर लांबलचक बिल मधूनच तुटू शकतं, तेवढं बघा.

आता शिव्या. डब्याचं सेटिंग पान नवीन ब्राउझरमध्ये अर्धवट उघडतं, सेव्हचं बटण दिसतच नाही, एक्सपीवरच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये मात्र झकास. कागद संपला तर डबा कोणालाच सांगत नाही, आणि एका वेळी एकाचंच काम घेतो, त्यामुळे एक्सपीचं बिल कागदाविना अडकलं की विंडोज १० वर एरर दिसतो आणि तिकडचा माणूस उगाच स्वतःचं मशीन रिस्टार्ट करत बसतो. पहिला नियम, आधी प्रिंटरवरचा लाल दिवा बघा. त्याहून वाईट म्हणजे छापता छापता लाइट गेली तर डब्यात पोचलेलं बिल गायब. विंडोजच्या लेखी ते छापून झालेलं, रांग रिकामी, आणि हातात कागद नाही. आम्ही डबा आणि प्रिंटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले तेव्हा ते थांबलं.

यूएसबी टू पॅरलल केबल घेऊ का असं एकदोघांनी विचारलं. नका घेऊ, ती विंडोजला यूएसबी पोर्ट म्हणून दिसते, एलपीटी१ म्हणून नाही, म्हणजे शेअर आणि नेट यूज करावंच लागतं आणि वर दुसरं मशीन परत पहिल्यावर अवलंबून.

माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. घेताना खोक्यावर रॉ किंवा एलपीआर लिहिलंय का ते बघा. नुसत्या सोबतच्या सीडीतल्या सॉफ्टवेअरवर चालणारा असेल तर दुकानातच ठेवून या. आणि जुना, वापरलेला घेत असाल तर त्याचाच अडॅप्टर मागून घ्या, आमच्या डब्याच्या अडॅप्टरची पिन राऊटरच्या अडॅप्टरसारखीच दिसते पण व्होल्ट वेगळे आहेत, मी दोन्हींवर मार्करने नावं घातलीत.