पारोळा रोडवरच्या नानांकडून करून घेतलेली आमची लेलँड : लाकडी ट्रक मॉडेलचा अनुभव

धुळ्यात पारोळा रोडला एक छोटं वर्कशॉप आहे, पाटी वगैरे काही नाही, बाहेर भिंतीला ट्रकचा एक जुना फाळका (मागची उघडणारी फळी) टेकवून ठेवलेला दिसतो, तीच खूण. आत नाना मिस्तरी बसतात. सत्तरी ओलांडलीय, उभं आयुष्य ट्रकच्या बॉड्या बांधण्यात गेलं, आता हात थोडा थरथरतो म्हणून मोठं काम बंद केलंय आणि लाकडाच्या छोट्या गाड्या करतात. मी त्यांच्याकडून आमच्या आप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, लेलँड कॉमेट ट्रकचं मॉडेल करून घेतलं. लांबी साधारण दोन फूट, पैसे साडेसात हजार, वेळ पाच महिने (सांगितले होते तीन). फोटो टाकल्यापासून सगळे विचारतायत कुठून घेतलं, किती पडले, म्हणून एकदाच सगळं लिहितो.

आधी गाडीबद्दल सांगतो, त्याशिवाय मॉडेल कसं झालंय ते कळणार नाही. आप्पा एका हुंडेकऱ्याकडं (माल वाहतुकीचा धंदा करणाऱ्याकडं) ड्रायव्हर होते, १९७२ साली तिथून सुटून त्यांनी सेकंडहँड कॉमेट घेतली. इकडून कापसाच्या गाठी मुंबईला, येताना किराणा नाहीतर लोखंड, सीझनला सावदा-फैजपूरकडची केळी भरली की थेट इंदूर. केळीची खेप असली की आप्पांचा जीव थाऱ्यावर नसायचा, कारण गाठी दोन दिवस उशिरा गेल्या तर बोलणी खावी लागायची पण केळी उशिरा गेली तर सगळं भाडंच गेलं. १९७५ ला नॅशनल परमिट (एकाच परवान्यावर बऱ्याच राज्यांत माल न्यायची सोय) आलं तेव्हा घरात केवढी चर्चा झाली होती ते मला अजून आठवतं, मी तेव्हा चौथीत होतो, परमिट म्हणजे काय ते कळत नव्हतं पण आप्पा खूश आहेत एवढं कळत होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सोबत जायचो. शिरपूर सुटलं, पळासनेर गेलं की बिजासनचा घाट, तिथं गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवर कण्हत चढायची, इंजिनाची धग पायाला लागायची आणि क्लिन्नर लाकडी ठोकळा हातात घेऊन दारात एका पायावर उभा, गाडी मागं सरकली की उडी मारून चाकाखाली घालायला.

तर मी नानांकडं गेलो तेव्हा आप्पांचा एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो नेला होता, त्यात गाडी अर्धीच दिसते, पुढं आप्पा आणि आमचे काका उभे. बाकीची गाडी कशी होती ते दाखवायला मी मोबाईलवर इंग्लंडमधल्या कॉमेटचे फोटो काढून ठेवले होते, छान गोल पत्र्याची केबिन, काचेची दारं. म्हटलं नाना, अशी करा. नानांनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "भो, हाई आपली गाडी नही शे."

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मला माझ्याच घरच्या गाडीबद्दल नवीन कळलं. आपल्याकडं कंपनीतून पूर्ण ट्रक यायचाच नाही. यायची ती चेसी, म्हणजे इंजिन, गिअरबॉक्स, चाकं, पुढची जाळी, बोनेट आणि स्टेअरिंग, बस. केबिन नाही, हौदा (माल भरायचा मागचा भाग) नाही. मद्रासजवळच्या एन्नोरला अशोक लेलँडचा कारखाना, तिथून ड्रायव्हर ती उघडी चेसी चालवत आणायचा, बसायला लाकडाचं खोकं, तोंडाला उपरणं गुंडाळलेलं, डोळ्याला गॉगल, ऊन पाऊस सगळं अंगावर. ती धुळ्यात आली की मग मालक सुताराकडं. केबिनपासून फाळक्यापर्यंत सगळं लाकूड आपल्या मिस्तरींनी घडवलेलं. त्यामुळं लँकेशायरमधला कॉमेट आणि धुळ्यातला कॉमेट यांचं इंजिन भाऊ-भाऊ असेल पण तोंडावळा वेगळा. नानांच्या बोलण्यात हे सांगताना कुठंही मोठेपणा नव्हता, त्यांनी शंभराच्या वर चेसींवर बॉडी चढवलीय, त्यांच्यासाठी ते रोजचं काम होतं.

मूळ हिशोब असा की लेलँड हे इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या एका गावाचं नाव. १८९६ ला तिथं वाफेवर चालणारी व्हॅन बनवायला कंपनी सुरू झाली, १९०७ ला तिचं नाव लेलँड मोटर्स झालं. कॉमेट त्यांनी १९४७ ला काढला, महायुद्ध संपल्यावर देशाला बाहेरचा पैसा हवा होता म्हणून ही गाडी परदेशात विकायची हे धरूनच चाललेले. इकडं १९४८ ला अशोक मोटर्स निघाली, सुरुवातीला ऑस्टिन कार जोडायचे, मग लेलँडशी करार झाला आणि १९५५ ला नाव अशोक लेलँड झालं. अशोक हे मालकाच्या मुलाचं नाव. म्हणजे आप्पांच्या बोनेटवर एक इंग्रजांचं गाव आणि एका बापाच्या पोराचं नाव एकत्र लिहिलेलं होतं आणि आम्ही पोरं तिला नुसती "लेलन" म्हणायचो.

आता मॉडेल. हौदा सागवानाचा, जुन्या घराच्या चौकटीचं लाकूड वापरलंय, त्यामुळं वाकणार नाही असं नाना म्हणाले आणि आत्तापर्यंत एक पूर्ण पावसाळा गेला, खरंच वाकलेलं नाही. बोनेट आणि जाळी पंधरा किलोच्या तेलाच्या डब्याच्या पत्र्याची. हेडलाईट जुन्या टॉर्चचे. टायरला खऱ्या ट्यूबचं रबर. पण मला सगळ्यात भारी वाटले ते कमानीचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या. नानांनी हॅक्सॉ ब्लेड तापवून नरम केलीत, एकाखाली एक लहान होत जाणारे सात तुकडे कापलेत, मधे बारीक यू-बोल्टनं आवळलेत, आणि वरून हौद्यावर बोटानं दाब दिला की पाटे खरोखर दबतात आणि सोडलं की परत वर येतात. मी हे पन्नास वेळा तरी करून बघितलं असेल. फाळक्याला दोन्ही बाजूंनी साखळी आहे, कडी काढली की फाळका खाली पडतो आणि पडताना "खण्ण" आवाज येतो. तो आवाज आमच्या आईनं स्वयंपाकघरातून ऐकला आणि ती बाहेर आली, एवढंच लिहितो.

केबिनमधे ड्रायव्हरच्या मागं झोपायची फळी आहे. ती करण्याआधी नानांनी मला फोन करून विचारलं होतं, "माले सांग, तुना आप्पा कोठे झोपे?" मी सांगितलं की आप्पा आत नाही, टपावर ताडपत्रीवर झोपायचे, फळीवर क्लिन्नर. तर नानांनी टपाला पुढच्या बाजूनं बोटभर उंच कठडा केला, झोपेत माणूस सरकू नये म्हणून ड्रायव्हर लोक असा करून घ्यायचे म्हणे. फोटोत तो कठडा दिसतो! आम्हाला इतकी वर्षं वाटायचं सामान ठेवायला आहे. आणि हौद्याखाली सुतळीनं बांधलेला एक इवलासा लाकडी ठोकळा लटकतोय, तो मी सांगितलेलाच नव्हता.

टपावरच्या पाटीवर "मनुदेवी प्रसन्न" आहे, आमचं मूळ गाव यावल तालुक्यातलं, मनुदेवीचं देऊळ तिकडंच, म्हणून. अक्षरं नानांनी नाही, त्यांच्या ओळखीच्या पेंटरनं काढलीत, पिवळ्यावर लाल आणि कडेनं काळी सावली, अगदी तेव्हाच्या धाटणीची.

तुलना करायला माझ्याकडं योगायोगानं एक गोष्ट आहे. भाचा इंग्लंडात प्रेस्टनला नोकरीला आहे, त्यानं गेल्या वर्षी येताना माझ्यासाठी लेलँड ऑक्टोपस ट्रकचं डाय-कास्ट (ओतीव धातूचं) मॉडेल आणलं, १:५० स्केलचं, म्हणजे खऱ्या गाडीच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं, आठ चाकी, लाल रंगाची, ब्रिटिश रोड सर्व्हिसेसची गाडी. दिसायला फार सुबक आहे. ब्रिटिश रोड सर्व्हिसेस म्हणजे तिकडच्या सरकारनं १९४७ च्या कायद्यानं लांब पल्ल्याच्या ट्रान्सपोर्ट कंपन्या ताब्यात घेऊन केलेली सरकारी कंपनी, खाजगी वाल्यांना आपल्या ठिकाणापासून २५ मैलांच्या आतच माल न्यायची मुभा. विचार करा, धुळ्याच्या माणसाला ४० किलोमीटरच्या पुढं भाडं घेता येणार नाही म्हटल्यावर काय झालं असतं. १९५३ ला कायदा बदलला आणि लोकांनी आपापल्या गाड्या परत घेऊन धंदे उभे केले. अवजड गाड्यांना तिकडं १९५७ पर्यंत ताशी २० मैलांचीच परवानगी, म्हणजे ३२ किलोमीटर. भाच्यानं सांगितलं की उत्तरेकडं शॅप नावाचा चढ आहे, १९७० ला मोटरवे होईपर्यंत सगळे ट्रक त्यावरून जायचे आणि हिवाळ्यात बर्फात अडकून पडायचे. आम्हाला बर्फ नाही पण बिजासनला मे महिन्यात रेडिएटर उकळून रांग लागलेली मी बघितलीय, त्यामुळं त्या ड्रायव्हरांची हालत मला अंदाजानं कळते.

अजून एक वाचून मजा वाटली. तिकडं सँडबॅच म्हणून एक गाव आहे, तिथं फोडेन कंपनी वाफेचे ट्रक बनवायची, घरातल्याच एडविन रिचर्ड फोडेननं डिझेलचा आग्रह धरला, घरच्यांशी पटलं नाही, तर त्यानं १९३३ ला त्याच गावात आपल्या नावाच्या आद्याक्षरांनी ईआरएफ काढली. म्हणजे भाऊबंदकी तिकडंही आहेच. आणि कार्लाईलचे एडी स्टोबार्टवाले आपल्या प्रत्येक ट्रकला बाईचं नाव द्यायचे, पहिल्या गाड्या ट्विगी, टॅमी, डॉली, सुझी. आपल्याकडं मनुदेवी, एकवीरा, सप्तशृंगी. माणूस कुठलाही असो, रात्रभर एकटा गाडी हाकणार असला की त्याला गाडीला नाव द्यावंसं वाटतंच.

तर दोन्ही मॉडेलं मी शोकेसमधे शेजारी ठेवली. ब्रिटिश मॉडेलमधे दोर आणि ताडपत्री इतकी बारीक आहे की भिंगातून बघावी, त्यात नाना मागं पडतात हे मी प्रामाणिकपणे सांगतो. पण त्या गाडीत माणूस कुठं बसतो, कुठं झोपतो, उतरताना पाय कुठं ठेवतो हे दिसत नाही, दारं उघडत नाहीत. नानांच्या गाडीची दारं उघडतात आणि दाराखाली पायरी झिजलेली दाखवलीय, ड्रायव्हरच्या बाजूची जास्त, क्लिन्नरच्या बाजूची कमी.

आता तक्रारी. एक म्हणजे वेळ. तीन महिने सांगून पाच लागले, मधे दोनदा धुळ्याला चक्कर फुकट गेली, जळगावहून दीड-दोन तास जायचं आणि "अजून पॉलिश राहिलंय" ऐकून यायचं हे बरं नाही वाटत. आप्पांच्या वर्षश्राद्धाला घरी ठेवायची माझी इच्छा होती, ती राहिली. हे मी नानांना तोंडावर सांगितलं, त्यांनाही वाईट वाटलं. दुसरं, रंग. ऑईल पेंट फार चकचकीत बसलाय, आप्पांची गाडी कधीच अशी चमकली नाही. माझं मत असं की रंग द्यायच्या आधी त्यांना स्पष्ट सांगा, मॅट पाहिजे म्हणून. तिसरं, स्टेअरिंग फिरतं पण पुढची चाकं वळत नाहीत. एवढं सगळं केल्यावर ते व्हायला पाहिजे होतं. आणि पंधरा दिवसांत पुढच्या डाव्या बाजूचा एक पाटा तुटला, तो मात्र त्यांनी एक रुपया न घेता बदलून दिला आणि जास्तीचे दोन पाटे कागदात गुंडाळून दिले, स्टेपनी म्हणून.

पैशाच्या मानानं? मला साडेसात हजार जास्त वाटले नाहीत. पाच महिन्यांच्या कामाचे ते पैसे नाहीतच खरं तर, लाकूड-पत्र्याचा खर्च काढला तर नानांच्या हातात फार काही उरत नसणार. घासाघीस करू नका ही विनंती.

जाणार असाल तर जमेल तेवढे जुने फोटो न्या, बाजूनं काढलेला एक तरी पाहिजे, आणि त्या गाडीवर काम केलेलं कोणी हयात असेल तर त्यांना सोबत न्या, नाना त्यांच्याशीच बोलतात, आपल्याला फक्त ऐकायचं असतं. दुपारी एक ते चार ते झोपतात, तेव्हा जाऊ नका. बेडफर्ड पण करतात, हिंदुस्थान मोटर्सवाल्या बेडफर्डचं एक अर्धवट मॉडेल मी तिथं बघितलं, त्याचं नाक फार छान जमलंय. बैलगाडी, ट्रॅक्टर मागू नका, ते करत नाहीत आणि मागितलं की चिडतात. जेवायचं असेल तर जवळपास कुठंही कळण्याची भाकरी आणि भरीत मिळेल, सीझन असेल तर.

गेल्या आठवड्यात परत गेलो होतो, चाकं वळायचं काम करून घ्यायला. भाच्यानं आणलेली ती लाल ऑक्टोपस सोबत नेली होती, सहज दाखवायला. नानांनी ती हातात घेऊन दोर कसा ओवलाय, गाठ कुठून कुठं गेलीय ते बघितलं, मग टेबलावर ठेवून शिवणाच्या दोऱ्यानं तशीच गाठ मारून बघायला लागले, दोनदा सुटली, तिसऱ्यांदा बसली. म्हणाले, गाडी चार दिवस इथंच राहू दे. ठेवून आलो. आता दोन्ही गाड्या त्यांच्याच टेबलावर आहेत, दिवाळीनंतर आणायला जाईन.