टेक्का सेंटर, सिंगापूर: बिर्याणीला पैकीच्या पैकी, डोसा काठावर पास

पाहुणे आले आणि 'इथलं इंडियन जेवण दाखव' म्हणाले, की मी त्यांना एसी हॉटेलात नेत नाही. लिटिल इंडिया स्टेशनच्या सी एक्झिटने बाहेर पडायचं, बफेलो रोडवरची भाजीची दुकानं ओलांडायची, की टेक्का सेंटर. खाली एका अंगाला मासळी-मटण-भाजीचा बाजार, दुसऱ्या अंगाला खाण्याचे गाळे, वर साड्या-कुर्ते आणि शिंपी. इमारत १९८२ची. २०२३मध्ये डागडुजीसाठी तीन महिने बंद होती, त्यानंतर जरा उजळ दिसते. उकडतं मात्र पहिल्यासारखंच. रविवारी जेवायच्या वेळी गेलात तर बसायला जागा मिळणं कठीण. रिकाम्या टेबलावर टिश्यू पेपरचं पाकीट दिसलं, तर ती जागा कुणीतरी धरलेली आहे असं समजायचं. एसटीच्या खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखंच, फक्त इथे त्यावरून भांडणं होत नाहीत.

आधीच सांगते, दाल मखनी-नानसाठी येणार असाल तर येऊ नका. मिळतं, पण त्यासाठी एवढी पायपीट कशाला? सिंगापूरच्या ४ अधिकृत भाषांत तमिळ आहे आणि इथे 'इंडियन' म्हणजे आधी तमिळ माणूस. तुम्ही ऐटीत हिंदी सुरू केलंत, तर गाळेवाला शांतपणे इंग्रजीत विचारतो, 'खाणार काय?' माझे सासरे पहिल्याच दिवशी बिर्याणीवाल्याशी 'भाईसाब, जरा' करून छान उर्दू बोलायला गेले. तो बिचारा हसून गप्प! मुसलमान म्हणजे उर्दू हे आपल्या डोक्यात इतकं घट्ट बसलेलं असतं. इथल्या कित्येक तमिळ मुस्लिम घरांचं मूळ तमिळनाडूतल्या तेनकासी, कडैयनल्लूर भागातलं. डनलॉप स्ट्रीटवरच्या अब्दुल गफूर मशिदीत शुक्रवारचा खुतबाही, म्हणजे नमाजाच्या वेळचं प्रवचन, तमिळमध्ये होतो. तिथून थोडं पुढे चाललात तर ऑफिर रोडवर लुर्द मातेचं चर्च आहे, १८८८चं, तमिळ कॅथलिकांसाठी बांधलेलं. आणि सेरंगून रोडवर वीरमाकालीअम्मन, म्हणजे कालीमातेचं मंदिर. म्हणजे तीन देवस्थानं, भाषा एकच. उलट उत्तरेकडच्यांचं लक्ष्मीनारायण मंदिर वेगळं, मागे चँडर रोडवर. धर्म एकच, पण तिथली भजनं कानाला ओळखीची लागतात.

आता खाण्याचं. दम बिर्याणी घ्याच. मटणाची घेतलीत तर उत्तम. सहा ते आठ डॉलरांत ताट भरतं, सोबत काकडी-अननसाचं आंबटगोड लोणचं आणि पातळसर रस्सा. आपल्याकडच्या बिर्याणीइतका मसाला अंगावर येत नाही, पण भाताचं शीत न् शीत मोकळं असतं. रांग असते. रांग मोठी असेल तिथेच उभं राहा.

खरी गंमत 'इंडियन रोजाक' नावाच्या प्रकारात आहे. भारतात कुठेही मिळणार नाही. काचेच्या कपाटात भज्यांचे ढीग रचलेले असतात: बटाटा, कोळंबी घातलेला वडा, पिठात तळलेलं अंडं, शिवाय तोफू आणि तेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी). आपण बोटाने दाखवायचं, गाळेवाला ती पुन्हा तळणार, सुऱ्याने खटाखट तुकडे करणार आणि वाटीत लालभडक, गोडसर, दाटसर चटणी देणार. सोबत काकडी, कच्चा कांदा, हिरवी मिरची. तमिळ मुस्लिम माणसाने चिन्यांचा तोफू आणि जावाचं तेंपे आपल्या भज्यांच्या पंगतीला बसवलंय. चटणी मला पहिल्यांदा गुळमट वाटली होती. आता दुसरी वाटी मागते. 'मी गोरेंग' नावाच्या परतलेल्या नूडल्सही त्यातल्याच. नूडल्स चिनी, हात तमिळ, रंग होळीचा.

डोशाच्या बाबतीत मात्र एका गाळ्याने निराशा केली. सांबार कोमट, चटणीला आंबूस वास. सांगितल्यावर बदलून दिली, पण तोंड वाकडं करून. सासूबाई शुद्ध शाकाहारी. शेजारच्या टेबलावर बदकाचं मांस आणि भात आला तेव्हा त्यांनी पदर नाकाला लावला. अशा मंडळींना सरळ सेरंगून रोडवरच्या कोमला विलासमध्ये न्या. १९४७पासून शाकाहारी आहे, डोसाही बरा. मग स्वतः परत येऊन बिर्याणी खा.

खाऊन झालं की ताट आपणच उचलून ठेवायचं, २०२१पासून ते सक्तीचं आहे. ठेवायच्या जागा दोन, हलाल आणि बिगर-हलाल. इथे नवखी माणसं हमखास अडखळतात. बदकवाल्या चिनी गाळ्याचं ताट हलालच्या मांडणीत ठेवायला गेलात तर सफाईच्या मावशी लांबूनच हात करतात, अगदी आपल्या मंगल कार्यालयातल्या वाढप्यासारखा. रागावत नाहीत. कुणाचं काय कुणाच्या ताटाला लागू नये याची इतकी बिनबोभाट व्यवस्था मी आणखी कुठे पाहिली नाही. त्याच टेबलावर कोपराला कोपर लावून सगळे जेवतात, हे विशेष.

बाजाराचा भाग सकाळी लवकर करावा. जमीन ओली असते, चपला घसरतात. कढीपत्ता, शेवग्याच्या शेंगा, केळीची पानं, ताजं खवलेलं खोबरं एकदम फर्स्टक्लास. एका म्हाताऱ्या चिनी मासेवाल्याला मी गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये घासाघीस करताना ऐकलंय, आणि गिऱ्हाईक हरलं. बंगाली बायका माशाचे कल्ले उघडून पाहतात, मल्याळी लोक टॅपिओकाच्या कंदांपाशी थांबतात. मराठी माणसासाठी म्हणून काही नाही. गोडा मसाला, भाजणी, मेतकूट विसरा, ते नागपूर-पुण्याहून येणाऱ्यांच्या बॅगेतूनच येणार.

तशी सवय आहेच. इथल्या शाळेत 'मातृभाषा' नावाचा विषय असतो. तमिळ तर आहेच, शिवाय हिंदी, बंगाली, गुजराती, पंजाबी, उर्दू घेता येते. मराठी नाही. त्यामुळे आमच्या मुलीची 'मातृभाषा' कागदोपत्री हिंदी आहे. टेक्कात तिला तीही उपयोगी पडत नाही. तिथे ती मैत्रिणीकडून शिकलेल्या तमिळमधून मोजून चार शब्द बोलते आणि जास्तीचं एक भजं मिळवते.

चहा विसरू नका. आलं घातलेला 'तेह हालिया', दीडेक डॉलर. साखर कमी सांगा, नाहीतर पाक मिळेल.