आठ महिने लोकरीच्या कोंबड्या विणल्यानंतर: विणणं सोपं आहे हो, भरणं अवघड

ऑगस्टमध्ये आमच्या शोकेसवर बसलेल्या कोंबडीच्या शिवणीतून एक बारीक काळा किडा बाहेर आला, मग अजून एक, मग तिसरा, आणि नवरा म्हणाला, "बघ, अंडी उबली वाटतं." पोरकिडे होते. कोंबडी एका जागी नीट बसावी म्हणून मीच तिच्या बुडाशी मूठभर तांदूळ भरले होते, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात डब्यातल्या तांदळाचं जे होतं तेच कोंबडीतल्या तांदळाचं झालं. त्यामुळे "किती क्यूट, किती सोप्पं" टाइप रिव्ह्यू माझ्याकडून मिळणार नाही. पण विणणं सोडलेलं नाहीये, आत्तापर्यंत १९ मोठ्या कोंबड्या झाल्या आणि पिल्लं साठच्या वर गेली असतील, मोजणं केव्हाच सोडलं.

सुरुवात फेब्रुवारीत झाली. ऑनलाइन एक किट दिसलं, बाराशेच्या आसपास, त्यात पांढरी, पिवळी, लाल लोकर, बांबूच्या दोन सुया, थोडा फायबरचा कापूस, काळे चमकणारे डोळे आणि इंग्रजीत छापलेला एक कागद. नाव घेत नाही, कारण तशीच किटं दहा जण विकतात आणि बहुतेक सगळी एकाच ठिकाणाहून येत असावीत असा माझा संशय आहे. शाळेत असताना मी एक मफलर अर्धा विणला होता, एवढंच भांडवल.

कोंबडीचं गणित खरंच सोपं आहे. एक चौकोन विणायचा, सगळ्या ओळी सुलट, उलट टाका एकही नाही. सुलट-सुलट विणलं की दोन ओळींची मिळून एक उभारी दिसते, आणि जितके टाके तितक्या उभाऱ्या झाल्या की चौकोन बरोबर चौकोन होतो, पट्टी लावायची गरज नाही. म्हणजे ४० टाके घातले तर ८० ओळी. मग चौकोनाची मधोमध घडी, एक कड शिवायची, वरची बाजू शिवायची, राहिलेल्या तोंडातून कापूस भरायचा आणि ते तोंड आडव्याऐवजी उभं चिमटून बंद करायचं. असं केलं की शिंगाड्यासारखा आकार येतो, एक टोक चोच, एक टोक शेपूट. पहिल्यांदा ते चिमटल्यावर हातात अचानक कोंबडी येते ना, तो क्षण भारी आहे, त्यासाठी बाराशे गेले तरी चालतील असं त्या दिवशी वाटलं होतं.

दोन दिवसांनी वाटेनासं झालं. कारण माझी पहिली कोंबडी म्हणजे चाळणी. टाक्यांमधून पांढरा कापूस डोकावत होता, पिवळ्या कोंबडीला तर कोड फुटल्यासारखं दिसत होतं. मला वाटलं माझाच हात सैल. सासूबाईंनी सुई हातात घेतली, बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "अगं ही काय आठ नंबर आहे? ही तर जाडी आहे." कागदावर आठच लिहिलं होतं. मी जांभळी नाक्याजवळच्या एका लेस-बटणाच्या दुकानात जाऊन आठ नंबर मागितली तर त्यांनी दिलेली खरंच बारीक निघाली. मग कळलं घोळ काय आहे ते. आपल्याकडे सुयांचे जुने ब्रिटिश नंबर चालतात, त्यात नंबर वाढला की सुई बारीक, आणि आठ म्हणजे ४ मिलिमीटर. अमेरिकेत उलटं, नंबर वाढला की सुई जाड, त्यांची आठ म्हणजे ५ मिलिमीटर. किटवाल्यांनी अमेरिकन कागद जसाच्या तसा छापला आणि सुईपण तीच दिली. त्यामुळे कुठलाही पॅटर्न बघताना नंबर बघूच नका, मिलिमीटर बघा, ते कुठेही तेच. कोंबडीला ४, पिल्लाला सव्वातीन, म्हणजे आपली दहा नंबर. स्वेटर घालायचा असतो म्हणून तो मऊ आणि सैल लागतो, खेळण्याला पोटात कापूस धरून ठेवायचाय, तिथे घट्टच पाहिजे. सासूबाईंचं म्हणणं याहून सरळ, "बाळंतविड्याच्या टोपड्याला जी सुई, ती पिलाला."

बांबूच्या सुयांचंही सांगते. दिसायला सुंदर, हाताला हलक्या. पण मी ठाणे-तुर्भे लोकलमध्ये विणते, आणि एप्रिल-मेमध्ये घामेजल्या हाताने अ‍ॅक्रिलिक लोकर बांबूवर अशी चिकटते की टाका पुढे सरकायलाच मागत नाही. महिन्याभरात एका सुईचं टोक झिजून त्याला बारीक कूस आली, मग प्रत्येक टाक्याला लोकर अडकायची. मग पोनी कंपनीच्या साध्या मेटलच्या सुया घेतल्या, आता एका फेरीत मोठ्या कोंबडीच्या बारा-तेरा ओळी होतात, बसायला मिळालं तर. नाही मिळालं तर शून्य, उभ्याने विणायचं धाडस मी एकदाच केलं आणि ऐरोलीला चढलेल्या बाईंच्या ओढणीत सुई अडकवून ठेवली. बाई चांगल्या होत्या. आता त्यांच्याकडे एक पिल्लू आहे.

लोकर अ‍ॅक्रिलिकच घ्या. खरी लोकर मऊ असते, मान्य, पण इथल्या दमटपणात ती वर्षभर उघड्यावर शोकेसवर ठेवणं म्हणजे कसरीला आमंत्रण. अ‍ॅक्रिलिक धुता येतं, आटत नाही, शंभर ग्रॅमची लडी शंभराच्या आत-बाहेर मिळते आणि त्यात चार मोठ्या कोंबड्या किंवा पंधराएक पिल्लं निघतात. फक्त इस्त्री लावू नका. चौकोन सपाट झाला तर शिवायला बरं म्हणून मी फिरवली, तर तो चौकोन पापडासारखा चपटा आणि लुळा पडला, वर तुकतुकी आली, तो परत कधी फुगला नाही. त्याचं आता गरम भांडं ठेवायचं बसकूर केलंय, तेही फार गरम नको.

आता भरण्याविषयी, कारण माझ्या मते सगळी कोंबडी तिथेच आहे. किटमधला कापूस दीड कोंबडीत संपला. मग घरातली जुनी उशी उसवली, सावरीचा कापूस, आजेसासूबाईंच्या वेळचा, मऊशार. तीन कोंबड्या अप्रतिम झाल्या. जूनमध्ये पुतणीने एकीला आमरस पाजला, म्हणून धुतली, आणि ती चार दिवस वाळेना. बाहेरून कोरडी, आतून ओली. पाचव्या दिवशी कुबट वास, आणि कापसाचे आत गोळे गोळे होऊन कोंबडीला गालगुंड झाल्यासारखी एका बाजूला सूज. तेव्हापासून उशीवाल्याकडून फायबरच आणते, रिक्रॉन म्हणून मागितलं की देतात. तो धुतला तरी झटकला की परत फुलतो, पावसाळ्यातसुद्धा पंख्याखाली रात्रभरात वाळतो.

आणि ठासून भरू नका, पण हातचंही राखू नका, हे वाक्य निरुपयोगी आहे मला माहितीय, पण काय करणार. मोठे गोळे कोंबले की कोंबडी पोत्यासारखी दिसते. बारीक बारीक चिमटी पिंजून घालायची, आधी चोचीच्या आणि शेपटीच्या टोकात, पेन्सिलच्या मागच्या बाजूने ढकलून, मग पोट. आत्ता जेवढं पुरेसं वाटतंय त्याहून दोन चिमट्या जास्त, कारण आठवडाभर हाताळल्यावर कापूस बसतो आणि मान पडते. मान पडलेली कोंबडी बघवत नाही, सुतकात बसल्यासारखी दिसते.

वजनासाठी तांदूळ, चवळी, राजमा, काहीही धान्य नको, कारण वर सांगितलंच. पोरकिड्यांनंतर मी सात कोंबड्या उसवल्या, त्यातल्या दोन तर लोकांना भेट दिलेल्या परत मागून आणल्या, "जरा दुरुस्ती आहे" सांगून, खरं कारण अजून त्यांना माहीत नाही. आता फिश टँकमध्ये घालतात ते गुळगुळीत बारीक खडे, जुन्या सुती कापडाच्या पुरचुंडीत बांधून, पुरचुंडी दोनदा शिवून, मग आजूबाजूला फायबर. कोंबडी अशी ठाम बसते की पंखा पाचवर असला तरी हलत नाही. लहान मुलासाठी असेल तर मात्र खडेही नको, फक्त फायबर.

डोळ्यांचंही तेच. किटमधले चमकणारे डोळे मी पहिल्या दोन कोंबड्यांना लावले आणि पुतणीने, वय तेव्हा पावणेदोन, एक डोळा दाताने उपटून काढला. नशीब थुंकला. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्याला मणी, बटण, चिकटवलेला डोळा काहीही नको. काळ्या लोकरीचे दोन-तीन टाके एकाच जागी घातले की डोळा होतो, आणि खरं सांगायचं तर त्यानेच कोंबडी जास्त जिवंत दिसते. चमकत्या डोळ्यांची कोंबडी रात्री पाणी प्यायला उठलं की आपल्याकडे बघत असते.

पिल्लं म्हणजे २० टाके, ४० ओळी, तीच रीत, भरल्यावर लिंबाएवढं होतं. सगळीकडे सांगतात मोठीपासून सुरू करा, मला उलट वाटतं, पिल्लू करा आधी, सहा-सात ग्रॅम लोकर जाते, चुकलं तर दुःख नाही. आमच्या शेजारच्या आंटी तलावपाळीच्या चर्चला जातात, त्यांनी मोबाइलवर दाखवलं की इंग्लंडमध्ये ईस्टरला अशी पिल्लं विणून आत चॉकलेटचं अंडं घालतात आणि मदतनिधीसाठी विकतात. तिथलं पिल्लू खालून उघडं असतं, टोपीसारखं, अंड्यावर बसवायचं. मी त्यांच्या नातवंडांसाठी आठ केली. पण एप्रिलमधली ठाण्यातली दुपार आणि चॉकलेट! चांदी गुंडाळलेली होती तरी तीन पिल्लांना आतून तपकिरी जुलाब लागले. आंटी म्हणाल्या पुढच्या वर्षी मार्झिपानची अंडी, काजूची, ती या हवेला टिकतात. ते मला जास्त पटलं, इथलंच आहे ते.

आमच्याकडे खरा उपयोग झाला गणपतीत. भाऊजींनी खेडेगावाचा देखावा केला, विहीर, तुळशीवृंदावन, कौलारू घर, आणि अंगणात माझी पांढरी कोंबडी मागे नऊ पिल्लं घेऊन. आत्याबाई श्रावणातच आल्या होत्या तयारी बघायला, त्यांनी आधी नाक मुरडलं, "श्रावणात घरात एवढ्या कोंबड्या?" मी म्हटलं आत्याबाई, गटारीलाही यांना कुणी हात लावला नाही. आरतीला आलेल्या निम्म्या लोकांनी मूर्तीनंतर कोंबडीचाच फोटो काढला. दिवाळीत सोसायटीच्या पोरांनी तीच कोंबडी किल्ल्यावर नेली, पायथ्याशी मावळ्यांच्या शेजारी बसवली, मावळ्यांच्या दुप्पट उंच, आणि परत आली तेव्हा गेरू आणि चिखलाने माखलेली. बादलीत साध्या साबणपावडरीने धुतली, पिळली नाही, टॉवेलमध्ये दाबली. गेरूचा थोडा डाग राहिला, आकार मात्र जसाच्या तसा. या परीक्षेनंतर मी मान्य केलं की आता मला कोंबडी येते.

तुरा कसा करायचा विचारतात. वेगळा विणून शिवला तर तो पडतो. लाल लोकर डोक्याच्या कडेतूनच उचलायची, सहा-सात टाके, तीन ओळी, आणि टाके बंद करताना मध्ये मध्ये दोन साखळ्या क्रोशाने ओढायच्या, कंगोरे आपोआप येतात. चोचीखाली लोंबणारं लाल फार लहान करू नका, ते नसलं की लोक "कबूतर आहे का" म्हणतात. मला तिघांनी म्हटलंय.

किट घ्यावं का, तर माझ्या मते नको. त्यातली लोकर बरी होती, बाकी सुई चुकीची, डोळे काढून टाकायचे, कापूस अपुरा. तीनशे-साडेतीनशेत लोकर, सुया, फायबर सगळं बाजारात मिळतं आणि वर दुकानातल्या काकू दोन टाके दाखवतात. ज्यांना टाके घालताच येत नाहीत त्यांनी घरातल्या नाहीतर शेजारच्या कुणा साठीच्या बाईंना विचारा, निम्म्या जणींना येत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही म्हणून त्या वाट बघत असतात.

विकायचं म्हणाल तर ऑफिसमधल्या एकीने बारशाच्या रिटर्न गिफ्टसाठी ४० पिल्लं मागितली, पन्नास रुपयाला एक. एका पिल्लाला विणणं, शिवणं, भरणं, डोळे धरून माझा दीड तास जातो. मी म्हटलं अगं बाळासाठी एक फुकट देते, ४० नाही जमणार. ती जरा घुश्शात आहे. बाळाचं पिल्लू परवा लोकलमध्ये पूर्ण झालं, फक्त फायबरचं, डोळे लोकरीचे, आता चोच तेवढी लावायची बाकी आहे आणि केशरी लोकर संपलीय.