डायनामोला कटआउट कोणता: दोन कॉइलचा की तीन?

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जुन्या गाडीच्या डायनामोला (इंजिनवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राला) हात लावणं मुश्किल. अशा उन्हात कटआउट, म्हणजे डायनामोचं व्होल्टेज आणि करंट आवरणारा डबा, चुकीचा असला की आर्मेचर (डायनामोतला फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळायला वेळ लागत नाही.

दोन कॉइलच्या कटआउटमध्ये एक कॉइल व्होल्टेज राखते, दुसरी बॅटरीचा करंट उलटा डायनामोत शिरू देत नाही. करंटचा भार सांभाळतात ते व्होल्टेजच्या कॉइलवरचे जाड तारेचे वेढे. म्हणूनच २२ अँपिअरचा कटआउट लुकास कंपनीच्या १९ अँपिअरच्या सी३९ डायनामोला लावू नका; मी लावला होता, कम्युटेटर (आर्मेचरवरचा, करंट बाहेर देणारा तांब्याचा भाग) काळाठिक्कर पडला.

तीन कॉइलवाल्यात करंटला स्वतंत्र कॉइल. उतरलेली बॅटरी त्यावर लवकर भरते. सेटिंग मात्र किचकट. रोज चालणाऱ्या गाडीला मी हाच बसवीन, डायनामोवरचा अँपिअरचा आकडा वाचूनच.