स्क्रॅच की ट्रान्सवेल? पेशींची हालचाल रोखणारं औषध तपासताना

स्क्रॅच आणि ट्रान्सवेल या पेशींची हालचाल मोजायच्या दोन पद्धती. त्यांतली एक निवडण्याआधी एमटीटी चाचणी (किती पेशी जिवंत आहेत ते रंगावरून सांगणारी) उरकून घ्या. ज्या मात्रेला पेशी मरत नाहीत, तीच मात्रा पुढे वापरायची. मेलेली पेशी सरकत नाही, त्यामुळे विषारी मात्रेत कुठलंही रसायन ‘स्थलांतररोधक’ ठरतं. शोधनिबंधांतही ही गफलत दिसते.

स्क्रॅच सर्वांत स्वस्त. प्लेटमध्ये पेशींचा सलग थर वाढवायचा, २०० मायक्रोलिटरच्या टिपने रेघ ओढायची, सुटलेल्या पेशी धुऊन टाकायच्या आणि ० व २४ तासांना नेमक्या त्याच जागेचे फोटो घ्यायचे. रिकाम्या रेघेचं क्षेत्रफळ मोजायला इमेजजे हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. गोची अशी, की रेघ दोन कारणांनी भरते: पेशी सरकतात आणि वाढतातही. तुमचं औषध विभाजनच थांबवत असेल, तर निकाल फसवा. म्हणून सीरम (पेशींना वाढवणारा रक्तातला द्रव) कमी ठेवतात किंवा मायटोमायसिन-सी देऊन विभाजन आधीच थांबवतात. शिवाय रेघेची रुंदी हातागणिक बदलते. परवडत असेल तर ठरावीक फट सोडणारे सिलिकॉनचे इन्सर्ट घ्या. थर न धरणाऱ्या पेशींसाठी ही पद्धत विसराच.

ट्रान्सवेल म्हणजे प्लेटच्या खळग्यात बसणारा, तळाला सच्छिद्र पडदा असलेला कप (इन्सर्ट); पेशी वर टाकायच्या आणि छिद्रांतून किती खाली उतरतात ते पाहायचं. त्याचं मूळ १९६२ सालच्या स्टीफन बॉयडन यांच्या चेंबरमध्ये. ते पांढऱ्या रक्तपेशींसाठी होतं. कर्कपेशींना बहुधा ८ मायक्रॉनची छिद्रं लागतात. वर सीरमविना माध्यम, खाली सीरम किंवा पेशींना ओढणारं एखादं प्रथिन. खाली उतरलेल्या पेशी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून मोजायच्या. वरच्या पेशी कापसाच्या बोळ्याने नीट पुसल्या नाहीत, तर आकडे फुगतात. इन्सर्ट महाग, आणि रंगवल्यावर तोच नमुना पुढे पाहता येत नाही. पण दिशा धरून होणारी हालचाल इथेच कळते. पडद्यावर मॅट्रिजेल (ऊतीतल्या जाळीसारखं प्रथिनांचं जेल) लावलं की आक्रमणही, म्हणजे पेशी ती जाळी भेदून जातात का हेही, तपासता येतं.

दहा-बारा संयुगं चाळायची असतील तर मी स्क्रॅचने सुरुवात करेन आणि उरलेल्या एक-दोनांवरच ट्रान्सवेलचा खर्च करेन. अपवाद प्लेरिक्साफोरसारख्या औषधांचा. ते पेशीवरचा सीएक्ससीआर४ हा ग्राहक अडवतं, म्हणजे प्रश्नच त्या ग्राहकाला चिकटणाऱ्या सीएक्ससीएल१२ या प्रथिनाकडे पेशी ओढल्या जाण्याचा आहे. तिथे थेट ट्रान्सवेल. पेशी एमडीए-एमबी-२३१ (स्तनाच्या कर्करोगाच्या) घ्या, दोन्ही पद्धतींत चालतात. एमसीएफ-७ याही स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी, पण मुळातच इतक्या संथ, की औषधाने अडवायला हालचालच फारशी नसते.